कालवा आणि कोयता



काल आमच्या आडसालीला तोड लागली. टोळी बीडकडची, शिरूर कासारच्या बाजूची. संध्याकाळी गुरांना वाडं आणायला गेलो, तेव्हा टोळीतल्या एका मामांनी सहज विचारलं, "मालक, मूळचे इथलेच का तुम्ही?" हो म्हणणार होतो, पण ते खरं नाही. आमचे पणजोबा सासवडहून आलेले. म्हणजे आम्ही दोघंही उसापायी इथं आलेलो. फरक एवढाच की आम्ही राहिलो.

ही गोष्ट जरा मागून सांगतो. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं नीरा डावा कालवा काढला. १८८५ च्या सुमारास पाणी सुटलं. दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी हा सरकारचा हिशोब. पण पाऊस बरा झाला की कोरडवाहू शेतकरी पाणीपट्टी कशाला भरेल? बारमाही बागायतीची सवयही नव्हती. ती होती सासवडच्या माळ्यांकडं. विहिरीवर मोट धरून ऊस करायचा, गुऱ्हाळ लावायचं, हे त्यांच्या हातातलं काम. मग ही मंडळी कालव्यामागं निघाली. इथल्या लोकांच्या जमिनी खंडानं घेतल्या, पेंड घातली, गूळ काढला. पुढं नीरेचा उजवा कालवा झाला, प्रवरेवर भंडारदरा धरण झालं, माळी तिकडंही गेले. १९३० च्या मंदीत गुळाचा भाव पडला. १९३२ ला सरकारनं साखरेला संरक्षण दिलं आणि त्याच साली या शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढला. माळीनगर वसलं ते त्यातून.

सगळं चांगलंच झालं असं मी म्हणत नाही. भारी काळ्या रानात पाणी मोकाट सोडलं, निचरा नाही, जमिनी चोपण झाल्या. १९१० च्या सुमारास डॉ. हॅरॉल्ड मान यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास केला, तो याच भागाचा. खंडकऱ्याला पुढं सरकता येतं, मालकाला येत नाही. (आमचेही पणजोबा त्यातलेच, लपवत नाही.)

कोयत्याचं स्थलांतर नंतरचं. १९५० ला प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, मग एकामागं एक निघाले. ऊस वाढला, तोडायला माणूस पुरेना. बीड, पाथर्डीकडची माणसं येऊ लागली. १९७२ च्या दुष्काळानं ती वाट पक्की रुळली.

"तिकडं पाणी नाही म्हणून येतात," असं आपण टपरीवर म्हणतो. ते अर्धंच खरं. पाणी सासवडलाही जेमतेमच होतं. पण पणजोबा निघाले तेव्हा बैल, काहील आणि बाजारात पत होती. मामा निघतात ते मुकादमाच्या उचलीवर. पैसे आधीच खर्चलेले, आता फेडायचे. हंगामात नाही फिटले तर पुढच्या साली परत. एक कमाई घेऊन आला, दुसरा कर्ज घेऊन येतो.

आणि ही उचल नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. जोडी म्हणजे एक कोयता. खाडा झाला की पैसे कापतात. २०१९ ला सरकारी समितीनं बीड जिल्ह्यात ८० हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तर १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीचा खाडा नको, हे त्यामागचं एक कारण. आपल्या उसाच्या टनामागं हेही आहे. तिकडं दसरा-दिवाळी झाली की गावात म्हातारी माणसं उरतात. इकडं आमच्या पोरांना कोयता धरता येत नाही.

मामांची तीन एकर आहे. कापूस आणि तूर, सगळं पावसावर. धाकटा दहावीला, त्याला यंदा आजीजवळ ठेवलाय. थोरल्याचं लग्न मात्र उन्हाळ्यात उरकलं. अजून लहान वाटतो, म्हणालो. मामा हसले, "कोयता वाढला की एक."

नवी सून मोळ्या बांधत होती.