संत विन्सेंट डी पॉल सोसायटी : सभा आणि सेवा

तुम्ही ख्रिस्ती माणसे आज गरिबांसाठी नेमके काय करता, असा प्रश्न पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या एका चर्चामंडळात विरोधकांनी विचारला. या प्रश्नाने अस्वस्थ झालेल्या फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या पाच विद्यार्थी-मित्रांनी एमान्युएल बायी या प्रौढ गृहस्थांच्या अध्यक्षतेखाली २३ एप्रिल १८३३ रोजी पहिली सभा घेतली. त्या दिवशी ओझानाम यांनी विसावे वर्ष पूर्ण केले होते. गरिबांच्या घरी कसे जावे, हे त्यांना धर्मभगिनी रोझाली रांदू यांनी शिकविले. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी ओझानाम यांना १९९७ साली, तर सिस्टर रोझाली यांना २००३ साली ‘धन्य’ घोषित केले.

सोसायटीच्या स्थानिक शाखेस ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. बहुधा ती धर्मग्रामाशी निगडित असते. अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार हे तिचे प्रमुख पदाधिकारी होत. सभा शक्यतो दर आठवड्यास किंवा पंधरवड्यास भरते. तिचा क्रम साधा असतो : प्रारंभीची प्रार्थना, आध्यात्मिक वाचन व त्यावर चिंतन, मागील सभेचे इतिवृत्त, जमाखर्च, गृहभेटींचा अहवाल, नव्या गरजूंविषयी निर्णय, गुप्त वर्गणी आणि समारोपाची प्रार्थना.

या क्रमातील गृहभेटींचा अहवाल हा सभेचा प्राण होय. सभासद दोघादोघांनी गरजू कुटुंबास भेटतात. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याच्या ध्यानी येते, आणि मदतीचा निर्णय कोणा एकाच्या मर्जीवर राहत नाही. धान्य, औषध, शाळेची फी अशी तातडीची गरज भागविल्यानंतर ते कुटुंब स्वतःच्या पायावर कसे उभे राहील, याचाही विचार सभेने करावयाचा असतो. मदतीसाठी धर्म वा जात पाहिली जात नाही.

गुप्त वर्गणीची प्रथा अर्थपूर्ण आहे. पिशवी फिरते, प्रत्येक जण तीत हात घालतो. कोणी किती टाकले, हे कोणास कळत नाही. ज्याचा हात त्या दिवशी रिकामा असेल, त्यालाही मान खाली घालावी लागत नाही. सभासदांच्या बाबतीत पाळलेला हा संकोच मदत घेणाऱ्यांच्या बाबतीत तर अधिकच पाळला पाहिजे. कुटुंबाचे नाव व अडचण सभेबाहेर जाऊ नये. धान्य देताना छायाचित्र काढण्याचा मोह आज अनेकांना होतो. त्या छायाचित्रात देणाऱ्याचा गौरव होतो, पण घेणाऱ्याची लाज चारचौघांत उघडी पडते. हिशेब मात्र चोख व तपासलेला असावा. गुप्तता गरिबाच्या नावाची, पैशाची नव्हे.

भेटीविना सभा म्हणजे निव्वळ गप्पांचे मंडळ, आणि सभेविना भेट म्हणजे क्षणिक उमाळा. म्हणूनच प्रत्येक सभा संपताना चिटणीसाने एक प्रश्न अवश्य विचारावा : पुढील सभेपूर्वी कोणते दोघे कोणत्या घरी जाणार आहेत?