कर्त्याच्या मागे राहिलेले यंत्र



कारखाने सुरू कसे झाले, याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. कारखाना बंद पडल्यावर त्याने केलेल्या यंत्रांचे पुढे काय झाले, हा इतिहासाचा विषय आहे असे मात्र सहसा कोणी मानीत नाही. वास्तविक यंत्राच्या आयुष्याचा फारच थोडा भाग कारखान्यात जातो. बाकीचे सारे जाते ते मालकाच्या दारात. आज आम्ही ज्या यंत्राची हकीकत सांगणार आहोत, ते म्हणजे इंग्लंडातील ‘व्हिन्सेंट’ मोटारसायकल. तिचा शेवटचा नग 1955 साली कारखान्याबाहेर पडला. त्या जातीच्या गाड्या अजून रस्त्यावर धावतात. हे कशामुळे घडले, एवढाच आमचा प्रश्न आहे.

फिलिप व्हिन्सेंट याचा जन्म 1908 सालचा. वडिलांचे अर्जेंटिनात गुरांचे मोठे कुरण होते. मुलगा केंब्रिजला यंत्रशास्त्र शिकावयास गेला आणि मोटारसायकलीच्या नादी लागला. हॉवर्ड डेव्हिस नावाच्या शर्यतपटूने ‘एच. आर. डी.’ ही गाडी काढली होती व 1925 साली आइल ऑफ मॅनची मोठी शर्यत तिच्यावर बसून जिंकलीही होती. पण धंदा काही टिकला नाही. ते नाव 1928 साली व्हिन्सेंटने घरच्या पैशातून विकत घेतले आणि हर्टफर्डशरमधील स्टीव्हनेज गावी, लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, आपले दुकान मांडले. मागच्या चाकाला स्प्रिंग लावण्याचे पेटंट त्याने त्याच वर्षी घेतले. त्या काळी मागचे चाक सांगाड्याला घट्ट जखडलेले असे, आणि स्प्रिंगच्या गाडीकडे गिऱ्हाईक संशयाने पाही.

पुढे त्याला साथीदार मिळाला तो फिल आयर्व्हिंग हा ऑस्ट्रेलियन अभियंता. 1934 सालच्या शर्यतीत बाहेरून आणलेल्या इंजिनांनी दगा दिला, तेव्हा दोघांनी स्वतःचे 500 सी. सी.चे इंजिन तयार केले. त्या इंजिनाची दोन रेखाचित्रे एकदा टेबलावर एकमेकांवर तिरपी पडली आणि त्यांतून जोडइंजिनाची कल्पना सुचली, असे सांगतात. 1936 साली ‘रॅपिड’ ही 998 सी. सी.ची गाडी निघाली. ताशी सुमारे 110 मैल, म्हणजे 177 किलोमीटर, हा तिचा वेग. तेलाच्या नळ्या इतक्या बाहेर दिसत की लोक तिला थट्टेने ‘नळवाल्याचे दुःस्वप्न’ म्हणत.

खरी महत्त्वाची गाडी निघाली ती महायुद्धानंतर, 1946 साली. वेगाने आणि लांबवर, दोघांनी बसून, सामानासह जाता यावे यासाठी केलेली ही गाडी होती. असल्या गाड्यांना आज ‘स्पोर्ट टूरिंग’ म्हणतात. तो शब्द मागाहून आला. तिच्या रचनेकडे जरा बारकाईने पाहावयास हवे, कारण पुढच्या सर्व कथेचे बीज तेथेच आहे.

या गाडीला नेहमीचा नळ्यांचा सांगाडा नव्हता. इंजिन हाच कणा, आणि त्याच्या माथ्यावर तेलाची टाकी हीच वरची तुळई. प्रत्येक चाकाला दोन ब्रेक. पण आम्हांला विशेष वाटते ती गोष्ट निराळीच आहे. त्या काळी रस्त्यात पंक्चर झाले की पान्यांची पिशवी सोडून कडेला बसावे लागे. व्हिन्सेंटच्या चाकाच्या आसालाच आडवी दांडी बसवलेली असे. ती हाताने फिरवली की चाक सुटे. मागची चेन ताणावयाची तर तेही हातानेच. पाय ठेवण्याच्या दांड्या मालकाच्या उंचीप्रमाणे मागेपुढे करता येत. मागच्या चाकाला दोन्ही अंगांनी दातेरी चक्र बसवता येई. चाक उलटे बसवले की गिअरचे प्रमाण बदले, म्हणजे साइडकार जोडणाऱ्याची सोय झाली. ज्याने हे योजले, त्याच्या डोळ्यांपुढे दुकानातला विक्रेता नव्हता. घरापासून शंभर मैलांवर पावसात उभा असलेला मालक होता.

कीर्ती मात्र वेगाची झाली. 1948 साली ‘ब्लॅक शॅडो’ आली. वेग ताशी 125 मैल. त्याच वर्षी 13 सप्टेंबरला अमेरिकेत, बॉनव्हिलच्या मिठागरावर रोली फ्री याने शर्यतीसाठी तयार केलेली व्हिन्सेंट ताशी 150 मैलांच्या वर नेली. कातडी कपडे वाऱ्याने फाटले, म्हणून तो पोहण्याच्या चड्डीवर गाडीवर पालथा पडला. ते छायाचित्र जगभर गेले. पण छायाचित्राने कारखाना चालत नाही. गाडी महाग, घडवणूक खर्चाची, आणि स्वस्त मोटारी येऊ लागलेल्या. महायुद्धानंतर सुमारे 11 हजार गाड्या झाल्या, आणि डिसेंबर 1955 मध्ये उत्पादन थांबले. 1959 साली कंपनी दिवाळ्यात निघून दुसऱ्याच्या हाती गेली. व्हिन्सेंट 1979 साली वारला, आयर्व्हिंग 1992 साली.

येथे कारखान्याचा इतिहास संपतो आणि मालकांचा सुरू होतो.

जुन्या गाडीची मालकी म्हणजे काय, हे ज्याने ती बाळगली त्यालाच कळते. व्हिन्सेंटचा क्लच चलाख रचनेचा, पण त्यात तेल झिरपले की घसरू लागतो. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोच्या आतील तारेवर लाखेचे वेष्टण असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते मऊ पडते, आणि गाडी थंड असताना सुरू होते पण तापल्यावर बंद पडते ती पुन्हा सुरू होत नाही. नटबोल्टांचे आटे जुन्या इंग्रजी मापाचे. मिलिमीटरचा पाना लावला की नटाचे कोपरे गोल झालेच. पेट्रोलही बदलले. ब्रिटनमध्ये 2021 पासून सर्वसाधारण पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागले. जुन्या रबराला ते मानवत नाही.

एकट्या मालकाला हे सारे पेलणे शक्य नव्हते. कारखाना भरभराटीत असतानाच, 1948 साली, मालकांनी आपला क्लब स्थापन केला होता. तेव्हा त्याचा हेतू सहलीचा व गप्पागोष्टींचा होता. कारखाना गेल्यावर त्याच मंडळींवर एक निराळीच जबाबदारी येऊन पडली. क्लबाच्या मासिकातून एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याला कळू लागली. शेवटी 1975 साली मालकांनी स्वतः सुट्या भागांची कंपनी काढली. मूळ रेखाचित्रांवरून भाग पुन्हा घडवून घ्यावयाचे व मालकांना पुरवावयाचे, हे तिचे काम. हळूहळू इतके भाग जमले की या शतकाच्या पहिल्या दशकात, केवळ नव्याने केलेल्या भागांतून, त्यांनी एक संपूर्ण ब्लॅक शॅडो उभी केली. जी कंपनी उत्पादकाला चालवता आली नाही, तिचे काम गिऱ्हाइकांनी चालवले. औद्योगिक इतिहासात अशी उदाहरणे फार नाहीत.

आपल्याकडे या प्रश्नाला निराळे उत्तर मिळाले. ज्या 1955 साली व्हिन्सेंट बंद पडली, त्याच साली मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली. तिने इंग्लंडातल्या रेडिचची ‘बुलेट’ येथे बांधावयास घेतली. मूळची इंग्रज कंपनी 1970 च्या सुमारास संपली. मद्रासची गाडी चालूच राहिली, आणि 1977 पासून ती परत इंग्लंडात विकावयासही गेली. म्हणून आपल्या बुलेटवाल्याला सुट्या भागांसाठी कंपनी काढावी लागली नाही. गाव तेथे तिचा मिस्त्री आहे. यंत्र टिकण्याचे हे दोन मार्ग: कोणी तरी ते करीत राहावे, अथवा ज्यांच्यापाशी आहे त्यांनी त्याची विद्या राखावी. पहिला मार्ग सोपा, पण तो आपल्या हाती नसतो.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. ही श्रीमंतांची हौस नव्हे काय? जानेवारी 2018 मध्ये अमेरिकेतील एका लिलावात ‘ब्लॅक लाइटनिंग’ ही व्हिन्सेंट 9 लाख 29 हजार डॉलरला गेली. आक्षेपात तथ्य आहे. किंबहुना या गाड्यांना आज मोडतोडीचे भय नाही, ते किमतीचेच आहे. किंमत चढली की मालक गाडी काचेआड ठेवतो. आणि उभी गाडी सुरक्षित असते हा भ्रम आहे. टाकीतले तेल हळूहळू झिरपून इंजिनाच्या तळाशी जमते, पेट्रोलाचा डिंक होतो, सील वाळून चिरतात, दट्ट्या गंजाने धरतो. याहून मोठी हानी म्हणजे ती गाडी कोणी उघडत नाही, त्यामुळे ती कशी उघडावी हे कोणी शिकतही नाही.

त्या शिकण्याचे एक उदाहरण देऊन आम्ही थांबतो. व्हिन्सेंटच्या इंजिनात व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या दांडीचा ताव नेमका ठेवावा लागतो. इंजिन थंड असताना वरचे झाकण काढावयाचे आणि ती दांडी बोटांनी फिरवून पाहावयाची. ती अडखळता कामा नये, आणि वरखाली खेळताही कामा नये. पुस्तकात हे एका ओळीत लिहिले आहे. ती ओळ वाचून कोणाला ते साधत नाही. ज्याला साधते असा कोणी शेजारी उभा राहून ‘आता थोडे सैल, आता बरोबर’ असे सांगतो, तेव्हा ते बोटांत उतरते. सत्तर वर्षांत ही विद्या अशीच एका हातातून दुसऱ्या हातात आली आहे.

आपल्या घरातही शिवणयंत्र असेल, भिंतीवरचे घड्याळ असेल, शेतावरचे इंजिन असेल. करणारा कारखाना कदाचित केव्हाच गेला असेल. ते दुरुस्त करणारा मनुष्य गावात अजून असेल, तर त्याच्याजवळ एखादे पोर बसलेले आहे की नाही, एवढे आपण घरी जाताना पाहावे, अशी आमची विनंती आहे.