सुवर्णभूमीचा लोहमार्ग

शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूरबरोबर कोलारही होते. त्यामुळे राजाजीनगरातील आम्हा मराठी मंडळींस ते नाव परके नाही. परंतु तेथील सोन्याच्या खाणींसाठी घातलेल्या लोहमार्गाकडे आमचे लक्ष गेले, ते कार्यालयातील एका सहकाऱ्यामुळे. हे गृहस्थ निवृत्तीपर्यंत रोज पहाटे मारिकुप्पमहून गाडीने येत आणि रात्री परतत. त्यांचे वडील व आजोबा खाणीत उतरत असत.

मायकेल फिट्झजेराल्ड लॅव्हेल या आयरिश सैनिकाने (आपल्या शहरातील लॅव्हेल रोड त्याच्याच नावाचा) १८७५ च्या सुमारास म्हैसूर सरकारकडून खाणकामाचा परवाना मिळविला. भांडवल अपुरे पडले, आणि १८८० नंतर सूत्रे लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स यांच्याकडे गेली. सोने लागले खरे. पण ते दगडातून काढावयास यंत्रे हवीत, यंत्रांस वाफ हवी आणि वाफेस कोळसा. मद्रास-बंगळूर मार्ग १८६४ पासून चालू होता. त्यावरील बोअरिंगपेठ, म्हणजे आजचे बंगारपेट, येथून मारिकुप्पमपर्यंत सुमारे सोळा किलोमीटरचा रुंदमापी फाटा १८९४ साली सुरू झाला.

खाणीचे मार्ग सामान्यतः खनिज बाहेर नेण्यासाठी असतात. येथे प्रकार उलटा! टनावारी दगड फोडून हाती येणारे सोने ते किती? गाडीचे खरे ओझे आत जाई: कोळसा, लाकूड, यंत्रे आणि माणसे. पुढे १९०२ मध्ये शिवनसमुद्रमची वीज सुमारे १४७ किलोमीटरवरून खाणींस मिळाली आणि कोळशाची गरज पुष्कळ घटली. बंगळुरात विजेचे दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनी! माणसांची ये-जा मात्र थांबली नाही. तमिळ व तेलुगू मजूर कुटुंबांच्या पिढ्या तेथे नांदल्या. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली.

१९५६ मध्ये खाणी राज्य सरकारकडे, १९६२ मध्ये केंद्राकडे आल्या. १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही कंपनी झाली. सोने काढण्याचा खर्च त्याच्या मोलाहून वाढत गेला आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी काम बंद झाले. केंद्र सरकारच्या सेवेत हयात गेल्याने असे आदेश किती कोरड्या भाषेत लिहिले जातात, हे आम्ही जाणतो.

मध्यंतरी त्या सहकाऱ्यासमवेत आम्ही मारिकुप्पमला गेलो. खाणींच्या आवारातील ट्रॉलीचे रूळ निकामी झालेले, सायनाइडच्या मातीचे करडे डोंगर तेवढे उभे. फाटा मात्र जिवंत आहे. ऊरगाम, चॅम्पियन ही जुनी नावे घेत गाडी पहाटे बंगळूरकडे निघते ती कामकऱ्यांनी खच्चून भरून. वडिलांच्या वेळी गाडी इकडे भरून येई, असे सहकारी म्हणाले, आणि फलाटावर आपल्या मुलाचा डबा त्याच्या हाती देण्यासाठी पुढे गेले.