इंजिनाच्या ॲल्युमिनियमची झळाळी

ॲल्युमिनियमला हवा लागली की त्याच्यावर लगेच ऑक्साइडचा थर धरतो. त्याची जाडी जेमतेम काही नॅनोमीटर असते. लोखंडाचा गंज पापुद्रे होऊन गळतो आणि आतला धातू उघडा पाडतो. हा थर मात्र पारदर्शक असतो आणि धातूला घट्ट धरून बसतो. ॲल्युमिनियम टिकते ते त्याच्या जोरावर. पॉलिश करताना नेमका तोच घासला जातो. तो पुन्हा धरतो हे खरे, पण मीठ, दमटपणा आणि चिखल एकत्र आले की जागोजाग फुटतो. मग वर पांढरी भुकटी दिसू लागते आणि तिच्याखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. इंजिनाचे भाग चकचकीत ठेवायचे आणि वाचवायचेही, या दोन गोष्टींचा मेळ घालण्याची खटपट गेली शंभरेक वर्षे चालू आहे.

1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याची रीत स्वतंत्रपणे शोधली आणि हा महागडा धातू कारखान्यांच्या आवाक्यात आला. 1903 च्या राइट बंधूंच्या विमानात चार्ल्स टेलर यांनी बनवलेल्या इंजिनाचा क्रँककेस ॲल्युमिनियमचाच ओतीव होता. त्यात सुमारे 8 टक्के तांबे होते. तांब्याने धातूला ताकद येते, पण तो गंजतोही लवकर. 1921 मध्ये अलादार पात्स यांना सिलिकॉनयुक्त मिश्रधातूचे पेटंट मिळाले. हा मिश्रधातू साच्यात छान वाहतो, पातळ भिंतींची आवरणे बिनतडा निघतात आणि गंजही कमी धरतो. पुढे इंजिनांची बहुतेक झाकणे सिलिकॉनच्या मिश्रधातूंची झाली. झळाळीच्या दृष्टीने या बदलाची किंमत मोजावी लागली, ती पुढे येईल.

सुरुवातीच्या काळात आरशासारखी चकाकी हे सर्वांचेच ध्येय नव्हते. एत्तोरे बुगाती यांच्या कारखान्यात इंजिनाचे सपाट पृष्ठभाग हाताने खरवडून त्यांवर बारीक नक्षी उमटवली जाई. 1924 मध्ये लियाँच्या शर्यतीत उतरलेल्या टाइप 35 मोटारीच्या इंजिनाची ओळखच ती ठरली. 1927 मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्ग यांच्या विमानाच्या नाकावरचे पत्रे एकमेकांवर चढत जाणाऱ्या गोल वलयांनी घोटलेले होते. हा प्रकार शोभेचा, पण व्यवहारीही: पत्रा ठोकून आकार देताना पडलेले ओरखडे त्यात लपतात.

आरशाची चकाकी रूढ केली ती ब्रिटिश मोटारसायकलींनी. मोटारीचे इंजिन बॉनेटखाली झाकलेले, मोटारसायकलीचे मात्र उघड्यावर, चालवणाऱ्याच्या गुडघ्यांमध्ये. ट्रायम्फची 1937 ची स्पीड ट्विन किंवा युद्धानंतरच्या नॉर्टन आणि बीएसए या गाड्यांत टायमिंग कव्हर, चेनकेस आणि गिअरबॉक्सचे झाकण हेच गाडीचे दागिने होते. त्यांमागे पॉलिशखात्यातली अंगमेहनत होती. वाळूच्या साच्यातून निघालेले झाकण खरबरीत असते. ते आधी सरस लावून कुरुंदाचे दाणे चिकटवलेल्या चाकावर धरायचे, मग त्याहून बारीक दाण्याच्या चाकावर, पुढे काथ्याच्या बफवर आणि शेवटी सुती बफवर. आपल्याकडचे बफिंगवाले ज्या वडीला लस्टर म्हणतात, तशी वडी फिरत्या बफला लावत राहायची. एका टप्प्याचा ओरखडा पुढच्या टप्प्यात पूर्ण गेला पाहिजे, नाहीतर चकाकीतही तो उठून दिसतो. जास्त घासले तर ओतकामातली लपलेली छिद्रे वर येतात आणि झाकण भंगारात जाते. धूळ काळी, चिकट आणि बारीक. हवेत पुरेशी उडाली तर ठिणगीने तिचा स्फोट होतो. कारखान्यातले हे सर्वांत गलिच्छ काम आणि ग्राहक भुलायचा तो त्याच कामाला.

ट्रायम्फच्या इंजिनातले ॲल्युमिनियमचे कनेक्टिंग रॉडही घोटलेले असत, पण ते कोणाला दिसावेत म्हणून नव्हे. वारंवार ताण बसणाऱ्या भागात तडा ओरखड्यापासून सुरू होतो. पृष्ठभाग गुळगुळीत असला की ती सुरुवातच टळते. तेलाने माखलेल्या या भागांना गंजाची भीती नव्हती. प्रश्न बाहेरच्या झाकणांचा होता.

त्यावरचे शास्त्रीय उत्तर एका परीने तयार होते. 1923 मध्ये ब्रिटनमध्ये बेंगॉफ आणि स्टुअर्ट यांनी ॲनोडायझिंगची रीत काढली. क्रोमिक आम्लात वीज सोडून नैसर्गिक थरापेक्षा कितीतरी जाड ऑक्साइड चढवायचा, म्हणजे समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे ड्युरॅल्युमिन (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) वाचते. पुढे आलेल्या गंधकाम्लाच्या रीतीने रिम आणि शोभेच्या पट्ट्या चकचकीत राहू लागल्या. इंजिनाची झाकणे मात्र वंचित राहिली, कारण आम्लाच्या टाकीत सिलिकॉन विरघळत नाही. तो थरात तसाच अडकतो आणि चांगले घोटलेले झाकण मळकट करडे होऊन बाहेर येते. क्रोम चढवणे शक्य होते, पण ऑक्साइडच्या थरामुळे मुलामा धरत नाही. आधी जस्ताचा पातळ लेप द्यावा लागतो आणि त्यात कसर राहिली की क्रोमचे पापुद्रे सुटतात.

त्यामुळे कितीतरी वर्षे झाकणांचे संरक्षण म्हणजे मालकाचा हात. मऊ फडके, ट्यूबमधली नाहीतर डब्यातली पॉलिश, वर मेणाचा किंवा तेलाचा हलका लेप. पॉलिशमधले दाणे थोडा धातू काढतातच. वर्षानुवर्षे घासलेल्या झाकणावरची कोरलेली अक्षरे पुसट होतात ती त्यामुळे. घातक ठरतो तो कडक क्षार. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोड्याचे पाणी उकळले की पातेले काळे पडते. कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने इंजिन धुतले की झाकणाचे त्याहून वाईट होते, कारण हा क्षार ऑक्साइडही खातो आणि धातूही.

1955 पासून मद्रासला बनू लागलेल्या एन्फिल्ड बुलेटमुळे ही ब्रिटिश झाकणे, आणि त्यांची देखभालही, भारतीय रस्त्यांवर आली. इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडल्यावरही मद्रासची बुलेट जवळजवळ त्याच रूपात निघत राहिली. कोकणच्या खाऱ्या हवेत आणि सह्याद्रीच्या पावसात उघड्या ॲल्युमिनियमची कसोटीच लागते. म्हणून महाराष्ट्रात पावसाळ्याआधी तेलाचा हात फिरवून ठेवायचा आणि पाऊस ओसरला की खंडेनवमीच्या पूजेआधी झाकणे चमकवायची, हे वेळापत्रक पंचांगाशीही जुळते आणि रसायनशास्त्राशीही.

जपानी कंपन्यांनी ग्राहकाचा हा त्रास काढून टाकला. 1969 च्या होंडा सीबी 750 च्या पिढीत घोटलेल्या झाकणांवर पारदर्शक लॅकर असे. नवी गाडी पॉलिशविना झळके. पण बूट घासून किंवा खडा उडून लॅकरला चीर गेली की तिथून खारट ओलावा आत शिरतो आणि लेपाखाली वाळवीच्या वाटेसारख्या नागमोडी पांढऱ्या रेघा पसरतात. आता वरून पॉलिश करूनही उपयोग नसतो. सगळे लॅकर रसायनाने उतरवून झाकण पहिल्यापासून घोटावे लागते. उघड्या झाकणाला दर महिन्याला थोडे काम पडत होते. लॅकरने ते काही वर्षे पुढे ढकलले आणि एकदम पदरात टाकले.

पुढे अनेक कंपन्यांनी झाकणांवर काळा किंवा करडा रंग, नाहीतर पावडर कोटिंग पत्करले. रंगासाठी आरशासारखे घोटण्याची गरज नसते, त्यामुळे मजुरीचा मोठा भाग वाचतो. हे कारण जाहिरातीत सांगितले जात नाही. जुन्या धाटणीच्या गाड्यांत झळाळी टिकून आहे: 2018 च्या रॉयल एन्फिल्ड इंटरसेप्टर 650 ची झाकणे चकचकीत होती, पण 2023 मध्ये तिच्याही काही आवृत्त्या काळ्या इंजिनाच्या आल्या. जुनी इंजिने नव्याने बांधणारे अलीकडे पाण्यात मिसळलेल्या बारीक काचमण्यांचा मारा करतात. त्याने धातू फारसा न झिजता मळ निघतो आणि मंद रेशमी पोत येतो. मारा झाल्यावर तेलाच्या वाहिन्यांत अडकलेले मणी मात्र धुऊन काढावे लागतात. ते राहिले तर बेअरिंग खातात.