शियाचे लोणी आणि केसांची लांबी

केसांचा विषय निघाला की आपण बायका खोबरेल, एरंडेल, माका, जास्वंद अशी नावे घेऊ लागतो. यंदा चिटणीसबाईंनी मला स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा म्हणून सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणे मला झेपणार नाही. परंतु डब्यातल्या तेलालाही इतिहास असतो, आणि मला ठाऊक असलेला हा एक डबा फार लांबचा आहे.

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या मुलाने नोकरीनिमित्त घाना देशात राहून तेथल्याच मुलीशी लग्न केले. ही आमची पुतणसून उत्तर घानातील तामाले गावची. तिच्याजवळ फिकट पिवळ्या लोण्याचा डबा नेहमी असतो. वास थोडा धुरकट, थोडा भाजलेल्या दाण्यासारखा. हे गाईम्हशीचे लोणी नव्हे, झाडाचे. त्याला शिया म्हणतात. फ्रेंच बोलणाऱ्या देशांत कारिते म्हणतात. थोडे तिने सांगितले, थोडे माझ्या मुलीने वाचून दाखविले, त्यावरून हे लिहीत आहे.

शियाचे झाड आफ्रिकेत सेनेगालपासून युगांडापर्यंत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील पट्ट्यात वाढते. ते कोणी मुद्दाम लावीत नाहीत. शेत साफ करताना ही झाडे तेवढी राखून ठेवतात. फळ धरायला पंधरा-वीस वर्षे लागतात, पण मग झाड दोनशे वर्षेही जगते. आपल्या विदर्भातला मोह याच कुळातला, आणि आपला चिकूही. मोहाच्या बियांचे तेल थंडीत थिजते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना शियाचे लोणी ओळखीचे वाटेल. आमच्या कोकणातल्या मंडळींना भिरंडेल आठवेल.

हा उद्योग किती जुना? बुर्किना फासो देशात किरिकोंगो नावाच्या जागी उत्खनन झाले. तेथे शियाच्या जळक्या टरफलांचे तुकडे सापडले, व सुमारे इ. स. १०० पासून लोक ही फळे वापरीत होते असे २०१६ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३५२ साली माली राज्यात गेला. त्याने 'घर्ती' नावाच्या फळाच्या तेलाविषयी लिहून ठेवले आहे. लोक ते स्वयंपाकाला वापरतात, दिव्यात जाळतात, अंगाला लावतात आणि मातीत कालवून घरे सारवतात, असे तो म्हणतो. घर्ती आणि कारिते हे शब्द किती जवळचे आहेत पाहा! पुढे १७९६ साली मंगो पार्क हा स्कॉटिश प्रवासी नायजर नदीकाठी सेगू गावी पोचला. त्याला हे लोणी गाईच्या लोण्याहून चवदार वाटले, आणि मिठाशिवाय वर्षभर टिकते याचे नवल वाटले. पुष्कळ वर्षे झाडाच्या शास्त्रीय नावात 'पार्की' असा त्याच्या नावाचा शब्द होता. ज्या बायका ते लोणी काढीत होत्या त्यांचे नाव मात्र कोणत्याच पुस्तकात आले नाही.

आणि काम सारे बायकांचे! पावसाच्या सुरुवातीला फळे गळून पडतात. बायका पहाटे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. गवतात सापांचे भय असते. वरचा गर गोड, तो खातात. आतली बी उकडून उन्हात वाळवायची, टरफल फोडायचे, आतला गर भाजायचा, कुटायचा, मग पाट्यावर वाटून तपकिरी लगदा करायचा. खरी मेहनत यानंतर. त्या लगद्यात थोडे थोडे पाणी घालून हाताने फेटत बसायचे. खांदे भरून येतात. मग एकाएकी रंग पालटतो आणि पांढरा फेस वर येतो. आपण ताक घुसळताना लोणी आले की हाताला कळते, तसेच त्यांनाही कळते, असे पुतणसून म्हणाली. तो फेस काढून धुवायचा, कढवायचा, गाळायचा, थिजवायचा. शियाला बायकांचे सोने म्हणतात ते यासाठीच. आता सोन्याचा भाव कोणाच्या हाती पडतो हे विचारू नये. युरोपातले कारखाने ही चरबी चॉकलेटातही घालतात. २००० सालच्या युरोपीय नियमात कोकोच्या लोण्याऐवजी थोड्या प्रमाणात चालणाऱ्या सहा चरबींची यादी आहे. तिच्यात शियाबरोबर आपले कोकम आणि आंब्याची कोयही आहे!

आता केसांकडे येते. आफ्रिकेतील लोकांच्या केसाला बारीक वेटोळी असतात. आपला केस बराचसा गोल, त्यांचा चपटा. डोक्याच्या कातडीतून पाझरणारे तेल आपल्या केसावरून सरळ खाली उतरते, त्यांच्या वेटोळ्यांतून ते टोकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे केस कोरडा पडतो, आणि प्रत्येक वळणापाशी मोडण्याची भीती. मुळाशी केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढत असतोच. परंतु जितका वाढला तितकाच टोकाला तुटला, तर पाहणाऱ्याला वाटते की केस वाढतच नाहीत. घरखर्चासारखेच आहे हे. आवक असतेच, शिल्लक पडत नाही.

म्हणून एक गोष्ट मी स्पष्टच लिहिते. शियाच्या लोण्याने केस उगवत नाहीत. जाहिरातीत काही का म्हणेनात! लोणी तुटणे कमी करते, आणि लांबी राहते. तेही नीट लावले तर. लोणी हे नुसते झाकण आहे, ओलावा पाण्याचा. केस धुऊन ओलसर असतानाच त्याचे भाग पाडायचे, हरभऱ्याएवढे लोणी तळहातावर चोळून विरघळवायचे आणि टोकांना आधी लावायचे. अंगाच्या उबेने ते लगेच वितळते. मग मोठ्या दातांच्या फणीने टोकाकडून वर वर जात गुंता सोडवायचा आणि वेण्या घालायच्या. कोरड्या केसांवर थापले तर उपयोग नाही. डोक्याच्या कातडीला फार चोपडू नये. रात्री सुती उशीऐवजी डोक्याला गुळगुळीत साटिनचा रुमाल बांधायचा.

नायजेरियातील योरुबा बायका केसांच्या बटांना काळा दोरा गुंडाळतात, त्याने केस न तापविता सरळ ताणले जातात व टोके झाकून राहतात. त्यांच्या भाषेत शियाच्या लोण्याला 'ओरी' म्हणतात. डोक्यालाही ओरीच, फक्त सूर निराळा. चाड देशातील बसारा बायका चेबे नावाची भुकटी तेलात कालवून केसांच्या लांबीला लावतात व वेण्या घालतात. कमरेपर्यंतचे केस त्यांच्यात दिसतात. मुळाशी लावीत नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हे सारे ज्ञान समुद्रापलीकडे गेले नाही, म्हणजे जाऊ दिले नाही. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात सुमारे सव्वा कोटी माणसांना गुलाम करून जहाजांत कोंबले गेले. त्यांची डोकी भादरली जात. आपल्याकडे केशवपनाची चाल होती, म्हणून डोके भादरणे म्हणजे नुसते केस जाणे नव्हे हे आपल्याला कोणी सांगायला नको. अमेरिकेत ना शिया, ना फणी. चरबी, लोणी, प्रसंगी रॉकेल लावून, मेंढ्यांची लोकर विंचरण्याच्या काटेरी फणीने त्या बायका रविवारी एकमेकींचे केस विंचरीत, कारण सुटी तेवढीच. १७८६ साली लुइझियानात गव्हर्नर मिरो याने काळ्या वंशाच्या स्वतंत्र बायकांनी केस फडक्याने झाकावेत असा हुकूम काढला. त्या बायकांनी फडकीच अशी रंगीत व देखणी बांधली की हुकूम काढणाऱ्यालाच वाईट वाटावे.

१८६७ साली जन्मलेली सेरा ब्रीडलव्ह ही कपडे धुणारी विधवा. तिचे केस गळू लागले. पुढे १९०६ च्या सुमारास मॅडम सी. जे. वॉकर या नावाने तिने केसांचे मलम विकण्यास सुरुवात केली. त्यात गंधक, मेण, व्हॅसलीनसारखा पदार्थ, आणि खोबरेल! शिया तिच्या हाताशी नव्हते. हजारो काळ्या बायकांना तिने हा धंदा शिकविला. १९१९ साली ती वारली.

आमची सहा वर्षांची नात गेल्या उन्हाळ्यात आली होती. तेव्हा एका पाहुण्या बाईने तिच्या कोरड्या केसांत बारीक फणी घातली, आणि गुंता सुटेना तेव्हा म्हणाली, "काढून टाका एकदा, नवे सरळ येतील." पोरीने दोन दिवस डोक्यावरचा रुमाल सोडला नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या आईने ओट्यावर बसवून पाणी, लोणी आणि फणी घेतली. तीन तास लागले. शेजारच्या बायका जमल्या. आईने एक बट ताणून दाखविली तर ती खांद्याखाली आली, सोडली तशी कानाशी जाऊन बसली. "धाकट्या आजी, तू ओढ ना!" पोर म्हणाली. मग ज्याला त्याला ओढून बघायचे होते.

१९६० नंतर अमेरिकेतील काळ्या स्त्रीपुरुषांनी केस आहेत तसे मोकळे वाढवायला सुरुवात केली. शियाही पुढे तेथे पोचले. लायबेरियाचा रिशेलू डेनिस याने १९९१ साली न्यूयॉर्कमध्ये आपल्या आजीच्या पद्धतीवरून शियाचे पदार्थ विकायला काढले. तरी केसांवरून शाळेतून घरी पाठविणे व नोकरी नाकारणे चालूच राहिले. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने त्याविरुद्ध 'क्राउन' नावाचा कायदा केला. तो पहिला. नंतर इतरही अनेक राज्यांनी केले.

यंदा पुतणसुनेने येताना दोन डबे आणले. एक जाऊबाईंच्या टाचांच्या भेगांना लागला.