झाडीपट्टी : सीमा आणि ओळख

झाडीपट्टी : पूर्व विदर्भात वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला सांस्कृतिक प्रदेश. भंडारा, गोंदिया व गडचिरोली हे जिल्हे, चंद्रपूर जिल्ह्याचा ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल हा पूर्वभाग आणि नागपूर जिल्ह्याची पूर्वेकडची कड एवढा मुलूख ढोबळमानाने या नावाखाली येतो. ‘झाडी’, ‘झाडीमंडळ’ ही जुनी नावे. या नावाचा जिल्हा नाही की महसुली विभाग नाही, त्यामुळे हद्दीचा दगड दाखवता येत नाही. झाडीपट्टी कुठे सुरू होते, कुठे संपते आणि तिच्यातला माणूस कोणाला म्हणायचे, याची उत्तरे शेती, बोली, नाटक आणि जात यांच्या हिशेबाने वेगवेगळी निघतात. भंडारा जिल्ह्यातले साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे तालुके कोणत्याही हिशेबात आतच राहतात. वाद आहे तो कडांचा.

डोळ्यांना आधी दिसते ती धानाची कड. नागपूरहून भंडाऱ्याकडे निघाले की मौद्याच्या आसपास कापूस मागे पडतो आणि बांध्या सुरू होतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घालून पावसाचे पाणी धरून ठेवणारे धानाचे शेत. आषाढ-श्रावणात तिच्यात चिखल करून पऱ्हे रोवतात आणि रोवणीच्या त्या दिवसांत गावात रिकामा माणूस सापडत नाही. कारध्याजवळ वैनगंगा ओलांडली की गावागणिक बोडी नाहीतर तलाव. यातले पुष्कळ तलाव कोहळी समाजाने बांधले. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने सांगितला जातो. मालगुजारी, म्हणजे मालगुजारांमार्फत जमीनमहसूल गोळा करण्याची पद्धत, १९५१ मध्ये गेली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’चे लघुरूप होऊन त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. हे नाव विदर्भाबाहेरच्या माणसाला हमखास बुचकळ्यात टाकते. या कसोटीने ब्रह्मपुरी आणि सिंदेवाही आत येतात, वरोरा आणि कोरपना हा कापसाचा पट्टा बाहेर राहतो. मात्र धान फक्त पश्चिमेची हद्द सांगतो. पूर्वेला तो छत्तीसगडात आणि उत्तरेला बालाघाटात तसाच पुढे जातो, त्यामुळे तिकडे ही कसोटी काही कामाची नाही.

बोलीच्या कसोटीचा आग्रह साकोलीतून धरला गेला. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) इकडची मराठी वऱ्हाडी-नागपुरीच्या पोटात घातलेली होती. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ती स्वतंत्र बोली असल्याचे मांडले, आणि झाडीबोली साहित्य मंडळाने तिच्यात लिहिणाऱ्यांची संमेलने भरवली. ण, ळ, श, ष, छ ही व्यंजने झाडीबोलीत नाहीत, असे ही मांडणी सांगते. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, झाडीत ‘डोरा’. एवढ्या एका शब्दावरून उमरेडच्या बाजारात माणूस कुठला ते ओळखता येते. तरीही बोलीची रेघ ओढली की तिच्या आत बसलेली माणसे बाहेर पडू लागतात. तुमसर, तिरोडा, गोंदिया या भागात पोवारांच्या घरात पोवारी बोलतात, आणि जनगणनेत ती हिंदीखाली मोजली जाते. सालेकसा-देवरीकडे छत्तीसगडी आणि गोंडी, गडचिरोलीत हलबी, भामरागड-एटापल्लीत माडिया, सिरोंचात तेलुगू. झाडीत सर्वांत आधीपासून राहणारा गोंड झाडीबोलीच्या व्याख्येत बसत नाही, हा या कसोटीचा मोठाच कच्चा दुवा आहे. झाडीपट्टीवरच्या बऱ्याचशा मराठी लिखाणात त्याचा उल्लेख प्रास्ताविकापुरता येतो आणि नंतर तो दिसत नाही.

‘झाडीपट्टी’ हे नाव राज्यभर पोचवले ते नाटकाने. दंडार आणि खडी गंमत हे इथले जुने खेळ. त्यांच्याच जागी आणि त्यांच्याच मोसमात संगीत नाटक रुजले. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, लाह्या-चिवड्याची दुकाने, लेकी-जावयांची आणि सोयरिकी जुळवणाऱ्यांची वर्दळ. रात्री तिकीट लावून नाटक, ते उजाडेपर्यंत चालते. शंकरपट २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबले आणि २०२३ च्या निकालाने कायदेशीर अडसर दूर झाला, पण मधल्या काळात नाटक थांबले नाही. कंपन्यांचे मुख्य ठाणे गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज ऊर्फ वडसा. गावची मंडळे तिथे येऊन प्रयोग ठरवतात. याच रंगभूमीवरचे गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्याच्या आदल्या वर्षी तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट याच नाटकवाल्यांवर आला.

वडशाच्या कंपनीला जिथून बोलावणे येते ती झाडीपट्टी, अशी व्याख्या कोणी केली तर ती सहज हसण्यावारी नेता येणार नाही. सगळ्या कसोट्यांत हीच प्रत्यक्ष चालती आहे, कारण तिच्यामागे लोकांचे पैसे आहेत. तिच्यातही एक पेच आहे. या नाटकांतले संवाद मुख्यतः प्रमाण मराठीत असतात, झाडीबोली बहुधा विनोदी पात्राच्या वाट्याला येते, आणि नट-नट्या नागपूर, पुण्या-मुंबईहूनही येतात. त्यामुळे बोलीचा कार्यकर्ता आणि नाटकाचा निर्माता दोघेही ‘आमची झाडीपट्टी’ म्हणतात, पण त्यांच्या मनातला मुलूख एक नसतो.

सरकारी रेघांनी हा मुलूख वारंवार कापला. भंडारा जिल्ह्याचा कारभार सुरुवातीला लांजीहून चाले. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग काढून बालाघाट जिल्हा केला, आणि लांजी आज मध्य प्रदेशात आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा मराठी जिल्हा म्हणून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, बालाघाट मागेच राहिला. चंद्रपुरातून गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी निघाला, भंडाऱ्यातून गोंदिया १ मे १९९९ रोजी. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत गोंदियातले आमगाव, चंद्रपुरातले ब्रह्मपुरी व चिमूर आणि सगळा गडचिरोली जिल्हा मिळून एक लोकसभा मतदारसंघ झाला. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ निघाले तेव्हा गडचिरोली-चंद्रपूर त्याच्याकडे गेले, भंडारा-गोंदिया नागपूर विद्यापीठाकडेच राहिले. परिणामी लाखांदूरचा विद्यार्थी एका विद्यापीठाचा आणि त्याच मंडईला येणारा वडशाचा विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठाचा.

झाडीचा माणूस कोण, याचे पहिले उत्तर बाहेरच्यांनी दिले, आणि ते गौरवाचे नव्हते. नागपूरकडे ‘झाडपी’ म्हणजे अडाणी, रानातला. जातींच्या नावांतही ही खूण राहिली. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात कुणब्यांची ‘झाडे’ ही पोटजात नोंदलेली आहे, आणि ‘झाडे’ हे आडनाव विदर्भात सर्रास सापडते. म्हणजे झाडी सोडून गेलेल्याच्याही नावाला झाडी चिकटून राहिली. गेल्या दोन पिढ्यांत नाटक आणि बोलीच्या चळवळीने याच नावाला अभिमानाचे रूप दिले.

आत कोण, याचा निकाल कधी कधी कोर्टातही लागतो. मंडईत मोरपिसांची ढाल नाचवत आणणारा गोवारी समाज या प्रदेशाच्या उत्सवाचा मानकरी. आदिवासी म्हणून मान्यता मागण्यासाठी तो २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चा घेऊन गेला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण मेले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला; डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि गोवारी म्हणजे अनुसूचीतले ‘गोंड गोवारी’ नव्हेत असे ठरवले. ढालीचा मान मात्र कोणत्याही अनुसूचीवर अवलंबून नाही. मंडईत गोवारी परका कधीच नव्हता.

प्रदेशाचा अभिमान मागेही हात घालतो. चक्रधरांचा शिष्य नीळभट भांडारेकार भंडाऱ्याचा, यावर फारसे दुमत नाही. मुकुंदराजावर आहे. शके १११० (इ. स. ११८८) मधला ‘विवेकसिंधु’ वैनगंगेकाठच्या आंभोऱ्यात लिहिला गेला असे विदर्भातले अभ्यासक म्हणतात आणि त्याच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांची तिथली समाधी दाखवतात, मराठवाडा मुकुंदराजाला अंबाजोगाईचा मानतो आणि तिथली त्याची समाधी दाखवतो. या भांडणात झाडीपट्टीची स्वतःची एक अडचण आहे. आंभोऱ्यासमोरचा काठ भंडारा जिल्ह्यात असला तरी आंभोरा नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात येते. मुकुंदराज हवा असेल तर कुही आत घ्यावी लागते, आणि कुही घेतली की भिवापूर-उमरेड बाहेर ठेवायला फारसे कारण उरत नाही.