‘दूध’ म्हणणे आणि दूध मागणे

बालवाडीतले एखादे मूल रडत रडत कपाटाकडे हात दाखवते आणि बाई म्हणतात, ‘रडू नकोस, काय हवंय ते तोंडाने सांग.’ ही सूचना आपल्याला फारच साधी वाटते. पण ती पाळायला मुलाला नेमके काय यावे लागते? त्या वस्तूचे नाव माहीत असले की पुरते का? पॅरिसमधल्या एका तरुण डॉक्टरपुढे दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न उभा राहिला होता.

१८०० सालच्या जानेवारीत दक्षिण फ्रान्सच्या आवेरों भागात रानात एकटा राहणारा, अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा लोकांच्या हाती लागला. त्याला बोलता येत नव्हते. त्याच वर्षी त्याला पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत आणले गेले. पिनेलसारख्या नामांकित वैद्याने तो जन्मतःच मतिमंद असल्याचा निर्वाळा दिला. संस्थेचे डॉक्टर झाँ इतार त्या वेळी सव्वीस वर्षांचे होते. त्यांना हे पटले नाही. या मुलाला बोलण्याची कधी गरजच पडली नाही, म्हणून तो बोलत नाही, असे त्यांचे म्हणणे. मग गरज निर्माण केली तर?

मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले गेले. त्याला पाणी फार आवडे आणि ‘ओ’ हा आवाज तो चटकन टिपत असे. फ्रेंचमध्ये पाण्याला ‘ओ’च म्हणतात. तेव्हा त्याला तहान लागली की इतार पाण्याचा पेला समोर धरून ‘ओ, ओ’ म्हणत. शेजारचा माणूस ‘ओ’ म्हणाला की त्याला पेला मिळे. व्हिक्टर कासावीस होऊन पेल्याभोवती हात नाचवी, पण त्याच्या तोंडून शब्द येईना. आणखी ताणणे क्रूरपणाचे होईल म्हणून इतारनी तो नाद सोडला आणि दुधाकडे वळले. फ्रेंचमध्ये दूध म्हणजे ‘ले’. चौथ्या दिवशी व्हिक्टरने स्पष्ट ‘ले’ म्हटले!

पण इतारांचा आनंद टिकला नाही. दूध पुढे आल्यावर मुलगा ‘ले’ म्हणे, दूध मिळावे म्हणून नव्हे. तो आनंदाचा उद्गार होता, मागणी नव्हती. हाच शब्द दूध मिळण्याआधी आला असता तर काम फत्ते झाले असते, असे त्यांनी १८०१ च्या अहवालात प्रांजळपणे नोंदवले.

असे का झाले असावे? उत्तर त्याच अहवालात आहे, असे आम्हांला वाटते. दूध हवे असले की व्हिक्टर आपला लाकडी वाडगा सांभाळ करणाऱ्या मादाम गेरँ यांच्यापुढे धरी. बाहेर जाताना तो वाडगा न विसरता खिशात टाकी. हातगाडीत बसून फिरायचे असले की कोणाचा तरी हात धरून गाडीच्या दांड्यावर ठेवी. कंटाळवाणा पाहुणा आला तर त्याची काठी, हातमोजे, टोपी त्याच्या हाती देऊन त्याला हळूच दाराकडे ढकली. (शिक्षकांच्या सभांमध्ये ही विद्या किती उपयोगी पडेल!) म्हणजे मागणे त्याला उत्तम येत होते. वाडगा पुढे केल्यावर ‘ले’ या शब्दाला काही कामच उरत नव्हते.

पुढे इतारनी सुट्या अक्षरांचा प्रयोग केला. एल, ए, आय, टी ही चार अक्षरे मांडली की दूध. पहिल्यांदा त्याने ती नेमकी उलट्या क्रमाने लावली, मग सुधारली. आठवडाभराने वेधशाळेजवळच्या एका घरी जायचे होते. तिथे त्याला रोज दूध मिळे. निघताना व्हिक्टरने कोणी न सांगता ती चार अक्षरे खिशात घातली आणि पोचताच टेबलावर मांडली. दूध यायच्या आधी!

जीभ चालत नव्हती, पण शब्दाने मागणे साधले होते. मूकबधिरांची संस्था खुणांच्या भाषेने गजबजलेली होती, तरी इतारनी व्हिक्टरला ती शिकवली नाही. सुमारे पाच वर्षांच्या शिकवणीत त्यांनी उच्चाराचा आग्रह धरला. ही त्यांची मोठी चूक, असे आमचे मत आहे. व्हिक्टर १८२८ मध्ये वारला, तेव्हाही त्याला मोजके शब्दच येत होते. इतारांचे काम मात्र त्यांचे शिष्य सेगँ यांच्यामार्फत माँटेसरींपर्यंत पोचले. दोघांचे लिखाण त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून काढले होते.

शब्द येणे आणि शब्दाने मागणे यांतले अंतर पुढे प्रयोगांनी दाखवून दिले. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका बालवाडीत बेटी हार्ट आणि टॉड रिझली गरीब घरच्या मुलांना रंगांची नावे शिकवत होते. गोल करून बसल्यावर मुले ती बरोबर सांगत, पण मोकळ्या खेळात वापरत नसत. मग खेळाचे साहित्य रंगाचे नाव घेऊन मागितले तरच द्यायचे, असे ठरवले आणि तेच शब्द खेळातही ऐकू येऊ लागले. हा निबंध १९६८ चा. तहानलेल्या मुलापुढे धरलेला पेला आणि कपाटातला लाल ठोकळा यांत फरक आहेच. शिवाय या मुलांच्या तोंडी तो शब्द आधीपासून होता.

१९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी चार विकलांग मुलांबरोबर काम केले. ही मुले शिकवताना ओरडत, मारत. आधी त्यांनी ती हे केव्हा करतात ते पाहिले. काम अवघड झाले की, की मोठ्यांचे लक्ष नसले की? मग पहिल्या प्रसंगासाठी ‘मला समजत नाही’ आणि दुसऱ्यासाठी ‘माझं काम बरं चाललंय का?’ अशा अर्थाची वाक्ये शिकवली. पहिल्यावर मदत मिळे, दुसऱ्यावर शाबासकी. ओरडणे-मारणे खूपच कमी झाले. वाक्यांची अदलाबदल केल्यावर मात्र फरक पडला नाही. अवघड कामाला वैतागलेल्या मुलाने ‘बरं चाललंय का?’ असे विचारले, शाबासकीही मिळवली, आणि पुढ्यातले काम तितकेच अवघड राहिले.